बेट भाड्यानें मिळेल काय?

सोलापूरच्या मुलाला आयुष्यांतील पहिलें बेट दिसतें तें सिद्धेश्वराच्या तळ्यांत. चोहों बाजूंस पाणी, मध्यें देऊळ, आणि तेथवर नेणारी बांधीव वाट. बाराव्या शतकांतील सिद्धरामांच्या नांवाशीं हें तळें जोडलेलें आहे. त्या बेटावर देव आहे, पारवे आहेत, कांठाशीं मासेहि आहेत. नाहीं तो फक्त एकांत. संक्रांतीच्या यात्रेंत तर तेथें पाऊल ठेवावयास जागा उरत नाहीं. बेट म्हटलें कीं एकांत, ही कल्पना सोलापूरकराला पुस्तकांतून मिळाली. आणि अलीकडे ती पुस्तकांत न राहतां सुट्टीच्या बेतांत शिरली आहे.

कोणी भेटणार नाहीं अशा एखाद्या बेटावर चार दिवस लाकडी खोली भाड्यानें घ्यावी, पहांटे होडींत बसून गळ टाकावा, सायंकाळीं मिळालेला मासा चुलीवर भाजावा आणि शहराचें नांवहि काढूं नये, अशी हौस बाळगणारीं कुटुंबें आतां सोलापुरांतहि आढळतात. हौस वाईट नाहीं. परदेशांत ती सर्रास पुरविली जाते. आपल्याकडे ती कितपत पुरेल, कोठें पुरेल, आणि ती पुरवितांना कोणत्या गोष्टींचें भान सुटतां कामा नये, एवढाच आजच्या भाषणाचा विषय.

प्रथम परदेशांतील प्रकार पाहूं. फिनलंड हा देश आकारानें महाराष्ट्राहून थोडाच मोठा. परंतु त्यांत लहानमोठीं मिळून सुमारें १,८८,००० तळीं आहेत. त्या तळ्यांच्या कांठीं व त्यांतील बेटांवर लोकांनीं उन्हाळ्यांत राहण्यासाठीं बांधलेल्या झोंपड्यांची संख्या पांच लाखांच्या घरांत जाते. ज्याची स्वतःची नसेल तो आठवड्याच्या भाड्यानें घेतो. झोंपडीबरोबर वल्ह्यांची होडी मिळते, सरपण मिळतें, आणि साध्या काठीनें व गळानें मासे धरावयास तेथील कायद्यानें कोणालाहि मोकळीक आहे. कॅनडांतील ऑन्टारिओ प्रांतांत याहून दूरचा प्रकार आहे. तेथें ज्या तळ्यांपर्यंत रस्ताच नाहीं अशा तळ्यांवर पाण्यावर उतरणारें लहान विमान पाहुण्यांना सोडून जातें व ठरल्या दिवशीं न्यावयास येतें. मधल्या काळांत माणूस, मासा आणि डांस यांखेरीज तेथें चौथें कोणी नसतें.

हें सर्व तेथें शक्य होतें त्याचें कारण फार जुनें आहे. सुमारें दहा हजार वर्षांपूर्वीं त्या प्रदेशांवरील बर्फाचे प्रचंड थर वितळून मागें सरले. जातांना त्यांनीं खडक खरवडून असंख्य खळगे केले होते; त्या खळग्यांत पाणी साचलें व मध्यें राहिलेले खडकाचे उंचवटे हीं बेटें झालीं. त्या तळ्यांची पातळी वर्षभरांत हातभर वरखालीं होत असेल. एकदां बांधलेली झोंपडी पाण्यापासून तितक्याच अंतरावर राहते. म्हणूनच बेट विकतां येतें, भाड्यानें देतां येतें, वारसानें मुलाला देतां येतें.

आपल्या दख्खनच्या पठारावर बर्फ कधींच खरवडून गेलें नाहीं. येथील जमीन थरांवर थर साचलेल्या काळ्या खडकाची. पाणी येतें तें पावसाळ्यांत, आणि नदीवाटे निघून जातें. नैसर्गिक तळें म्हणून बोट दाखवावें तर लोणारचें, तेंहि आकाशांतून पडलेल्या पाषाणानें केलेलें आणि खाऱ्या पाण्याचें. बाकी जेथें जेथें पाणी साठलेलें दिसतें तेथें तेथें तें कोणीतरी अडविलेलें असतें. सोलापूरपुरतें बोलावयाचें तर शहराजवळचा एकरुख तलाव, ज्याला लोक हिप्परग्याचा तलाव म्हणतात, तो १८७१ सालीं पुरा झाला. त्यानंतर शंभरांहून अधिक वर्षांनीं, १९८० सालीं, माढें तालुक्यांत उजनी येथें भीमा नदीवरचें धरण पुरें झालें, आणि सोलापूर जिल्ह्याला खरोखर समुद्रासारखें दिसणारें पाणी प्रथमच लाभलें. त्याला यशवंतसागर असें नांव आहे. बोलण्यांत मात्र सर्वजण उजनीच म्हणतात.

सोलापूरच्या गृहिणीला उजनी ओळखीची आहे ती नळांतून. कित्येक वर्षें शहराला पाणी कांहीं दिवसांआड येत आलें, आणि त्यांतील मोठा वांटा उजनीचा. तें पाणी जेथून येतें तें ठिकाण मात्र पुष्कळांनीं पुण्याच्या रस्त्यावरून जातां जातां गाडीच्या खिडकींतूनच पाहिलेलें असतें. टेंभुर्णीच्या पुढें भीमानगरपाशीं धरणाची भिंत दिसते, आणि तेथून इंदापूर, पळसदेव, भिगवण अशी वाट धरली कीं उजव्या हातास मधूनमधून पाणी चकाकत राहतें. जलाशयाचा फुगवटा नदीच्या पात्रांतून वर शंभर किलोमीटरांहून अधिक पसरला आहे. सोलापूर जिल्ह्यांतील माढें व करमाळें, पुणें जिल्ह्यांतील इंदापूर व दौंड, आणि पूर्वीं अहमदनगर व २०२४ पासून अहिल्यानगर म्हटल्या जाणाऱ्या जिल्ह्यांतील कर्जत, एवढ्या तालुक्यांच्या कांठांना तो लागतो. पाणी भरलें असतां समोरचा कांठ कित्येक ठिकाणीं धूसर रेघेसारखा दिसतो. आणि त्या पाण्यांत बेटें आहेत.

हीं बेटें पाहून शहरी माणसाच्या मनांत पहिला प्रश्न उठतो तो हाच, कीं हीं कोणाचीं? ओसाड दिसतात, झाड असलें तर एखादें बाभळीचें, वर पक्ष्यांची वर्दळ. तेव्हां तीं कोणाचींच नसावींत असें वाटतें. येथेंच पहिली चूक होते. उजनीचें बेट म्हणजे निसर्गानें पाण्यांत ठेवलेला खडक नव्हे. तो एखाद्या गांवचा माळ आहे. पाणी चढूं लागलें तेव्हां खालची काळी जमीन, विहिरी, मळे, घरें आणि देवळें प्रथम गेलीं. ज्या उंचवट्यावर पूर्वीं गुरें चरत तेवढा वर राहिला. गांवकऱ्यांना गांव सोडून वरच्या अंगास किंवा दूरच्या वसाहतींत जावें लागलें. त्यांच्या जमिनी सरकारनें धरणासाठीं संपादन केल्या, म्हणून कागदोपत्रीं मालक सरकार. परंतु त्या माळावर आपल्या आजाचा वाडा कोठें होता हें बोटानें दाखविणारीं माणसें कांठावर अजून राहतात.

पळसदेवचें प्राचीन शिवमंदिर हें याचें सर्वांत बोलकें उदाहरण. पाणी भरलें कीं देऊळ बुडतें, फार तर शिखर दिसतें. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें कीं तें पुन्हां उघडें पडतें, आणि आसपासचे लोक दर्शनास जातात. करमाळें तालुक्यांत कुगांवच्या इनामदारांच्या गढीची कथाहि अशीच. ज्या साली पाणी फार खालीं जातें त्या साली तिच्या भिंती दिसूं लागतात व बघ्यांची रीघ लागते.

पाण्याच्या या चढउताराचें गणित थोडें समजून घेतलें पाहिजे, कारण बेटावर राहण्याचा बेत त्यावरच उभा राहतो किंवा कोसळतो. उजनींत एकंदर सुमारें ११७ टी.एम.सी. पाणी मावतें. एक टी.एम.सी. म्हणजे एक अब्ज घनफूट, लिटरांत सांगावयाचें तर २,८०० कोटींच्या वर. या ११७ पैकीं सुमारें ६३ टी.एम.सी. हा तळाचा, म्हणजे मृत साठा धरला आहे, आणि त्यावरचें सुमारें ५४ टी.एम.सी. हें उपयुक्त पाणी. वर्तमानपत्रांत जी टक्केवारी येते ती या वरच्या ५४ ची असते. तीं ५४ संपलीं कीं धरण शून्य टक्के होतें. मात्र तळाशीं साठा असतोच, व तोहि उपसावा लागला म्हणजे आंकडा शून्याच्या खालीं जाऊन ‘उणे’ होतो. रिकामें होऊनहि ज्यांत निम्म्याहून अधिक पाणी उरतें असें हें भांडें आहे; परगांवच्या पाहुण्याला हा हिशेब समजावून सांगतां सांगतां सोलापूरकर थकून जातो. २०२४ च्या उन्हाळ्यांत उजनी उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेली होती.

आतां याचा बेटावर काय परिणाम होतो तो पाहा. आश्विनांत जें बेट कांठापासून दोन किलोमीटर दूर असतें तें वैशाखांत कांठाला जोडलेली टेंकडी होतें, आणि मधल्या चिखलांत ज्वारीचीं किंवा कलिंगडांचीं हिरवीं चौकटें दिसूं लागतात. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या या जमिनीला गाळपेर म्हणतात. ती कसण्यास सरकारकडून थोड्या मुदतीनें दिली जाते, आणि पुष्कळ ठिकाणीं ती कसणारे मूळच्याच शेतकऱ्यांपैकीं असतात. म्हणजे जें पाहुण्याला निर्जन बेट वाटतें तें वर्षांतून कांहीं महिने कोणाच्या तरी पोटाचें शेत असतें. अशा जागीं खाजगी झोंपडी उभारून ती भाड्यानें देणें कायद्यांतहि बसत नाहीं आणि पाण्यांतहि टिकत नाहीं. कोणी ‘खास आमचें बेट’ म्हणून आगाऊ पैसे मागूं लागला तर त्याला जागेचा कागद दाखवावयास सांगावें. बहुधा संभाषण तेथेंच संपेल.

तर मग मिळतें काय? मिळतो तो कांठ, होडी, आणि होडीवाला. कुंभारगांव, डिकसळ, भिगवण या बाजूस कांठावर राहणाऱ्या कोळी व भोई कुटुंबांपैकीं कांहींनीं गेल्या कांहीं वर्षांत पाहुण्यांची सोय करण्यास आरंभ केला आहे. हिंवाळ्यांत येथें रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. ते पाहण्यासाठीं पुण्यामुंबईचे लोक येऊं लागले, आणि त्यांच्यासाठीं घरांतील एखादी खोली, चुलीवरचें जेवण व पहांटेची होडी अशी व्यवस्था होत गेली. सोलापूरहून हें अंतर दीडशे किलोमीटरांच्या आसपास. आगगाडीनें जावयाचें तर भिगवण स्टेशन सोयीचें. गळ घेऊन जाणाऱ्यानेंहि हीच व्यवस्था धरावी. रात्रीचा मुक्काम कांठावरच्या घरीं, दिवसा होडीवाल्याच्या सोबतीनें बेट, आणि ऊन कलण्यापूर्वीं परत. परदेशांतील चित्राशीं हें तंतोतंत जुळत नाहीं हें खरें. परंतु कांठावरच्या घरीं जें बाजरीच्या भाकरीबरोबर ताज्या माशाचें कालवण मिळतें तें फिनलंडांत मिळत नाहीं.

आतां गळाकडे वळूं. गळानें मासे धरणें हा साहेबानें आणलेला शोक अशी पुष्कळांची समजूत आहे. हेन्री सलिव्हन टॉमस या इंग्रज अधिकाऱ्याचें हिंदुस्थानांतील गळावरचें पुस्तक १८७३ मध्यें निघालें, आणि इंग्रज शिकाऱ्यांनीं तें डोक्यावर घेतलें, हें खरें आहे. परंतु त्याच्या साडेसातशे वर्षें आधीं, सोलापूरपासून फार दूर नसलेल्या कल्याणी नगरींत, म्हणजे आजच्या बसवकल्याणांत, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नांवें ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध झाला. त्याचा काळ इसवी सन ११२९ च्या सुमाराचा. त्या ग्रंथांत राजाच्या करमणुकींमध्यें ‘मत्स्यविनोद’ म्हणून एक प्रकरणच आहे. माशांच्या अनेक जाती, त्यांना काय चारावें, दोरी व काठी कशी असावी, गळ कसा टाकावा, हें सर्व त्यांत सांगितलें आहे. ज्या सिद्धरामांनीं सोलापूरचें तळें केलें त्यांचेंहि शतक तेंच. म्हणजे या मुलखाला गळ नवा नाहीं. विसर पडला एवढेंच.

मासे मात्र बदलले. १८२४ नंतर मुंबई सरकारच्या सेवेंत दख्खनची पाहणी करीत हिंडलेल्या विल्यम साइक्स या लष्करी अधिकाऱ्यानें भीमा, मुळा-मुठा इत्यादि नद्यांतील माशांचें वर्णन लिहिलें, व १८३९ च्या सुमारास तें लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढें आलें. त्यानें एक चांगली गोष्ट केली. कोळ्यांच्या तोंडून जीं नांवें ऐकलीं तींच त्यानें शास्त्रीय नांवांत घातलीं. खुदरी, कोळस, बोगट, फुलंगी, अळकुटी हे शब्द त्यामुळें आजहि जगभरच्या शास्त्रग्रंथांत छापले जातात. त्यांपैकीं खुदरी म्हणजे दख्खनचा महाशीर, गळाच्या शौकिनांचा राजा मासा. साइक्सनें तो पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेंत पाहिला होता. ती नदी पुढें भीमेस मिळते व भीमा उजनींत येते. आज त्या वाटेनें पुणें व पिंपरी-चिंचवडचें सांडपाणी येतें, आणि महाशीराला तर वाहतें, स्वच्छ, खडकाळ पाणी लागतें. उजनींत महाशीर धरण्याच्या आशेनें जाणाऱ्यानें ती आशा घरींच ठेवावी. त्या माशाचीं पिल्लें मुद्दाम वाढविण्याचें काम लोणावळ्याजवळ वळवण येथें टाटांच्या केंद्रांत १९७० च्या दशकापासून चालत आलें आहे. यावरून तो किती विरळ झाला असेल हें ध्यानीं येईल.

उजनींत गळाला लागतो तो मुख्यतः चिलापी. हा मूळचा आफ्रिकेचा. त्याची एक जात १९५२ सालीं हिंदुस्थानांत आणली गेली. त्याच्या भरभराटीचें रहस्य त्याच्या संसारांत आहे. रोहू, कटला, मृगळ हे गंगेकडचे मासे साठलेल्या पाण्यांत सहसा अंडीं घालीत नाहींत. त्यांना पावसाळ्यांतील वाहतें पुराचें पाणी लागतें. म्हणून त्यांचें बीज, ज्याला बोटभर झालें कीं बोटुकली म्हणतात, तें दरसाल आणून सोडावें लागतें. चिलापीला यांतलें कांहींच नको. संथ पाणी चालतें, गढूळ चालतें, वर्षांतून अनेकदां वीण होते, आणि कित्येक जातींत मादी अंडीं व पिल्लें तोंडांत धरून सांभाळते. त्यामुळें जाळ्यांत चिलापीचा भरणा होतो व नदीचे जुने मासे कोपऱ्यांत जातात. बारीक आंसाच्या जाळ्यांनीं बोटुकलीच काढून नेण्याची वाईट संवय त्यांत भर घालते. अलीकडे आणखी एक पाहुणा आला आहे. शोभेच्या कांचपेट्यांतून सुटलेला, कांटेरी पाठीचा, खडबडीत अंगाचा मासा. लोक त्याला हेलिकॉप्टर मासा म्हणतात. त्याला बाजारांत भाव नाहीं आणि तो जाळें फाडतो. घरच्या कांचपेटींतील मासा नकोसा झाला म्हणून ओढ्यांत सोडणाऱ्या शहरी कुटुंबांनीं याचा विचार करावा.

गळवाल्यासाठीं एवढें पुरे कीं चिलापीला गांडूळ किंवा कणकेचा गोळा पुरतो; मरळ हा शिकारी मासा, त्याला लहान मासा लावावा लागतो व तो गवताळ कांठाशीं सांपडतो; शिंगटा आणि वाम हे अंधार पडतां पडतां तळाशीं लागतात, आणि शिंगट्याचा कांटा हातांत घुसला तर रात्रभर झोंप येत नाहीं. पावसाळा हा माशांच्या विणीचा काळ. तेव्हां गळ उचलूं नये. बाकी हंगामांत जलाशयांतील मासेमारीचा हक्क सरकारकडून परवान्यानें किंवा ठेक्यानें दिला जातो, यास्तव गळ टाकण्यापूर्वीं स्थानिक परवानेदार कोण हें विचारणें अगत्याचें आहे. पाण्यावर तरंगणाऱ्या थर्मोकोलच्या तुकड्यांच्या रांगा म्हणजे कोणाचीं तरी रात्रीं लावलेलीं जाळीं. त्यांतून होडी नेली तर पाहुण्याच्या सकाळच्या मौजेपायीं एका घराचा दिवसाचा धंदा बुडतो. स्फोटक किंवा विष घालून मासे मारणें हा १८९७ च्या कायद्यापासूनचा गुन्हा आहे. हें सांगण्याची वेळ यावी हेंच खरें तर लाजिरवाणें.

आतां ज्या गोष्टीसाठीं हें भाषण मुख्यतः केलें ती. दिनांक २१ मे २०२४ रोजीं सायंकाळीं करमाळें तालुक्यांतील कुगांवाहून इंदापूर तालुक्यांतील कळाशीकडे एक होडी निघाली होती. हा कोणी सहलीचा बेत नव्हता. कांठावरच्या लोकांचें नेहमींचें जाणेंयेणें. रस्त्यानें तोच प्रवास करावयाचा तर मोठा वळसा पडतो, म्हणून दोन्ही तीरांचे लोक होडीनें जातात. होडींत सात माणसें होतीं. वाटेंत वादळी वारा सुटला, होडी उलटली. एक जण पोहून तीराला लागला. उरलेले सहा बुडाले. त्यांत लहान मुलें होतीं.

तें पाणी तेव्हां भरलेलें नव्हतें. उजनी त्या दिवसांत उण्यांत खोल गेलेली होती. पाणी कमी म्हणजे धोका कमी, हा समज किती फसवा आहे हें त्यावरून कळावें.

उन्हाळ्याच्या अखेरीस असें एकाएकीं काय होतें? चैत्र-वैशाखांत पठाराची जमीन दिवसभर तापते. तापलेली हवा वर चढते, तिच्यांतील बाष्प उंचावर थिजून दुपारनंतर ढगांचे मनोरे उभे राहतात. त्या ढगांतून पाऊस पडूं लागला कीं त्याबरोबर थंड, जड हवा वेगानें खालीं कोसळते, आणि जमिनीला टेंकतांच चहूंकडे फांकते. हा वारा पावसाच्या पुढें धांवतो. म्हणजे जेथें माणूस बसला आहे तेथें थेंबहि नसतो, डोक्यावर ऊन असतें, आणि दूर क्षितिजावर काळी रेघ दिसते न दिसते तोंच वारा येऊन थडकतो. शहरांत या वळवाच्या वाऱ्यानें पत्रे उडतात, फांद्या पडतात. उघड्या पाण्यावर त्याला अडवावयास झाड नाहीं, घर नाहीं. जितकें लांब मोकळें पाणी तितकी लाट मोठी. आणि जलाशय उथळ असेल तेथें लाटा आंखूड, उभ्या व एकीला एक लागून येतात. समुद्राच्या लांबट लाटेवर होडी चढते आणि उतरते. या लाटांत ती एकीवरून उतरण्यापूर्वींच दुसरी अंगावर येते. हलकी, बसक्या कडांची होडी अशा लाटांना आडवी सांपडली कीं पाणी आंत येतें. पाणी आंत आलें कीं घाबरलेलीं माणसें एका बाजूस सरकतात. पुढें सांगावयास नको.

पोहतां येतें म्हणून निर्धास्त राहूं नये. विहिरींत किंवा तरणतलावांत पोहणें निराळें, आणि अंगांत कपडे असतां तोंडावर लाटा आपटत असलेल्या पाण्यांत किलोमीटरभर जाणें निराळें. तळाशीं बुडालेलीं झाडें, विहिरींचे कठडे, जुन्या भिंती आणि सुटलेलीं जाळीं आहेत. पाय त्यांत अडकतो. म्हणून होडींत पाऊल ठेवण्यापूर्वीं प्रत्येकाच्या अंगांत तरंगणारें जाकीट बांधलेलें असलेंच पाहिजे. होडींत ठेवलेलें किंवा उशाला घेतलेलें जाकीट चालत नाहीं, तें अंगांत हवें. मुलांच्या मापाचीं जाकिटें कांठावर बहुधा मिळत नाहींत; तीं सोलापुरांतूनच बरोबर न्यावीं. मोठ्याचें जाकीट मुलाच्या अंगांतून निसटून वर निघतें. होडी किती माणसांची हें होडीवाल्याला विचारावें, आणि त्यानें सांगितलेल्या आंकड्याहून दोन कमी बसावें. कारण गिऱ्हाईक समोर असतां तो आंकडा थोडा वाढवून सांगितला जातो. चैत्र-वैशाखांत दुपारी दोननंतर बेटावर असूं नये. आणि बेटावर असतांना आभाळ भरलेंच, तर त्या वेळीं कांठाकडे पळण्याचा मोह आवरावा. बेटावर भिजणें पत्करावें, सामान भिजूं द्यावें, उंचवट्याच्या माथ्यावर व एकट्या झाडाखालीं न थांबतां उतारावर खालीं बसावें, आणि वारा पडल्यावरच होडी सोडावी. हे झुंजार ढग बहुधा तासादीडतासांत ओसरतात.

सर्वांत मोठी सावधगिरी मात्र पैशांत मोजली जात नाहीं. कांठावरचा होडीवाला वाऱ्याचा वास ओळखतो. पाण्याचा रंग कोठें पालटला, पक्षी कोणीकडे वळले, यावरून त्याच्या मनांत शंका येते. परंतु समोर शहरी पाहुणे उभे असतात. ते दीडशे किलोमीटर आलेले असतात, त्यांची एकच सुट्टी असते, आणि फेरीचे पैसे त्याच्या घरच्या आठवड्याच्या बाजाराचे असतात. अशा वेळीं तो ‘नाहीं’ म्हणावयास कचरतो, आणि पाहुण्यांनीं जरा आग्रह धरला कीं ‘बघू या’ म्हणतो. तें ‘बघू या’ ऐकूं आलें कीं शहाण्या माणसानें उतरावें. याला एक उपाय आहे, आणि तो फारसा खर्चाचा नाहीं. आदल्या रात्रींच बोली करावी, कीं फेरी झाली तरी ठरलेले पैसे, आणि वाऱ्यासाठीं फेरी रद्द केली तरीहि तेच पैसे. असें झाल्यावर त्याला खरें बोलावयास कांहींच अडचण राहत नाहीं. बेटाचें भाडें म्हणून जें द्यावयाचें होतें तें याच कामीं द्यावें.

सोयीचा काळ कार्तिकापासून माघापर्यंतचा. तेव्हां पाणी भरलेलें असतें, बेटें खरोखर बेटें असतात, वारा सौम्य असतो, आणि पहांटे पाण्यावर धुकें असलें तरी ऊन वर आलें कीं विरतें. उन्हाळ्यांत पाणी हिरवें पडतें, त्याला शेवाळाचा वास येतो. अशा वेळीं धरलेला मासा खाण्यापूर्वीं कांठावरच्या बाईचा सल्ला घ्यावा, तिला कळतें. हिंवाळ्यांत रोहित पक्षी उथळ पाण्यांत चरत असतात. त्यांच्या थव्यांत होडी घालून ते उडवूं नयेत. उडालेला थवा छायाचित्रांत छान दिसतो, परंतु त्यांचें चरणें तुटतें. बरोबर प्यावयाचें पाणी, टोपी, विजेरी, आयोडिनाची बाटली, जाड कापडाचा एक तुकडा शिंगट्याचा कांटा धरावयास, आणि बाळबच्चें असेल तर कोरडे कपडे एवढें असावें. स्वयंपाकाचें साहित्य नेऊं नये. तेवढीच कमाई त्या घरीं राहूं द्यावी.

आणि सकाळीं निघतांना होडीवाला कांठावर उभा राहून पश्चिमेकडे पाहत राहिला, व म्हणाला कीं आज आंत नको, तर तेथेंच पळसदेवाच्या किंवा कुंभारगांवच्या कांठाला चटई अंथरावी. चिलापी कांठालाहि लागतो. मुलांना गळाला गांडूळ लावावयास तोच होडीवाला शिकवील, आणि त्याला मोकळा वेळ आहे असें पाहून त्याची म्हातारी आई जवळ येऊन बसेल, आणि समोरच्या पाण्यांत बोट दाखवून सांगूं लागेल, कीं तो जो उंचवटा दिसतो ना, त्याच्या अलीकडे आमची विहीर होती.